जुन्या फोर्ड पिकअपमध्ये कमिन्स ५.९ बसवताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

अमेरिकेत १९८० ते १९९७ या काळातल्या फोर्ड एफ-२५० आणि एफ-३५० पिकअप अजूनही शेतावर, बांधकामावर राबताना दिसतात. चेसिस दणकट, वायरिंग सोपं, पण मूळ इंजिन थकलेलं. अशा गाडीत डॉज रॅममधलं कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर डिझेल इंजिन बसवायचं, हे तिथलं चांगलं रुळलेलं काम आहे. तिथे राहणाऱ्या आणि घरच्या गॅरेजमध्ये हात काळे करायची तयारी असलेल्या मराठी मंडळींसाठी हा लेख आहे. इंजिन आपल्याला परकं नाही. हेच इंजिन, कमिन्सच्या भाषेत ६बीटी, जमशेदपूरच्या टाटा कमिन्समध्ये तयार होऊन टाटांच्या ट्रकमध्ये बसलं, त्यामुळे हायवेवरच्या कितीतरी मिस्त्रींच्या ते हाताखालून गेलेलं आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. इंजिन जागेवर ठेवणं हा या कामाचा लहान भाग आहे. वेळ आणि पैसा जातो तो त्याच्याभोवतीच्या गोष्टींत: गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, रेडिएटर, ब्रेकचा व्हॅक्युम, डिझेलचे पाइप, स्टिअरिंग. अर्ध्यावर सोडलेल्या गाड्या विकायला येतात, त्यातल्या बहुतेकांत इंजिन बसलेलं असतं आणि बाकीचं राहिलेलं असतं.

इंजिन कोणतं घ्यावं

नवख्याने १२ व्हॉल्व्हचंच इंजिन घ्यावं. डॉजमध्ये ते १९८९ पासून १९९८ च्या मध्यापर्यंत आलं. बोअर १०२ मिमी, स्ट्रोक १२० मिमी, फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४, आणि सगळं यांत्रिक. त्यानंतरचं २४ व्हॉल्व्हचं इंजिन ताकदीला चांगलं आहे, पण त्याचा पंप इलेक्ट्रॉनिक. कॉम्प्युटर, सेन्सर, वायरिंग हे सगळं जुन्या फोर्डमध्ये नांदवायचं म्हणजे वेगळंच काम होऊन बसतं.

१२ व्हॉल्व्हमध्येही दोन प्रकार आहेत. १९९३ पर्यंत बॉशचा व्हीई रोटरी पंप होता: १६० हॉर्सपॉवर, ४०० पाउंड-फूट टॉर्क. १९९४ पासून बॉशचा पी-७१०० इनलाइन पंप आला आणि ताकद वर्षागणिक वाढत २१५ हॉर्सपॉवरपर्यंत गेली. ताकद वाढवायची इच्छा असेल तर पी पंप घ्या. नुसती भरवशाची गाडी हवी असेल तर व्हीई पुरेसा आहे. तो आकाराने लहान आणि बहुधा स्वस्तही मिळतो.

शाळेच्या बस, डिलिव्हरी व्हॅन, जनरेटर, शेतीची यंत्रं यांतलं ६बीटी कमी दरात मिळतं, पण तिथे फसगत होते. फ्लायव्हील हाउसिंग वेगळं, ऑइल चेंबरचा खड्डा पुढे की मागे ते वेगळं, टर्बोची जागा वेगळी. जनरेटर किंवा ट्रॅक्टरच्या पंपाचा गव्हर्नर ठरावीक आरपीएम धरून ठेवण्यासाठी असतो, त्यामुळे पिकअपमध्ये पॅडलला नीट प्रतिसाद मिळत नाही. असं इंजिन घेतलंत तर डॉजचे हे सगळे सुटे भाग नंतर एकेक करून विकत घ्यावे लागतात आणि वाचलेले पैसे तिथेच संपतात. इंजिनाच्या डाव्या बाजूला गिअर केसवर धातूची पट्टी असते. तिच्यावरचा सीपीएल नंबर (इंजिनात कोणते भाग घातलेत त्या यादीचा क्रमांक) आणि सिरियल नंबर टिपून घ्या. इंजिन मुळात कशासाठी बनलं होतं ते त्यावरून कळतं.

सर्वांत उत्तम म्हणजे अपघातात गेलेली किंवा गंजलेली अख्खी डॉज विकत घेणं. गिअरबॉक्स, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), व्हॅक्युम पंप, पाइप, ब्रॅकेट, बोल्ट, ॲक्सिलरेटरची लिंक, सगळं एका जागी मिळतं आणि काम झाल्यावर उरलेली गाडी भंगारात काढता येते.

घेताना इंजिन थंड असतानाच चालू करून पाहा. गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. जरासं थरथरलं तर ठीक. उडून पडलं तर बॅक कॉम्प्रेशन (रिंगांमधून खाली गळणारा दाब) जास्त आहे, रिंग आणि बोअरचा खर्च धरून भाव करा. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का, ऑइल दुधाळ आहे का, टर्बोचा शाफ्ट वरखाली हलतो का, एवढं तरी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

गाडी कोणती घ्यावी

फोर्डमध्येही मूळ डिझेलचीच गाडी शोधा. १९८३ पासून ६.९ लिटर आणि १९८८ पासून ७.३ लिटर, दोन्ही इंटरनॅशनल कंपनीची व्ही-८ डिझेल इंजिनं. अशा गाडीत पुढचे पाटे जड वजनाचे असतात, बॅटऱ्या दोन असतात, रेडिएटर मोठा असतो, टाकीला परतीचा पाइप असतो आणि ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्युम पंप ही कल्पना गाडीला नवी नसते. पेट्रोलची गाडी घेतली तर यातली प्रत्येक गोष्ट तुम्हाला उभी करावी लागते. टाकी पूर्ण उतरवून धुवावी लागते ती वेगळीच, कारण पंपाला डिझेलचंही वंगण लागतं आणि उरलेलं पेट्रोल ते पातळ करतं.

एफ-१५० मध्ये हे इंजिन घालू नका. कमिन्सचं कोरडं वजन साधारण ५०० किलो आहे, म्हणजे फोर्डच्या जुन्या व्ही-८ डिझेलपेक्षाही साधारण शंभर किलो जास्त. एफ-१५० चा पुढचा ॲक्सल, स्प्रिंगा आणि ब्रेक त्यासाठी बनलेले नाहीत. फोर-व्हीलमध्ये सगळ्यात चांगली निवड एफ-३५०. १९८५ च्या मध्यापासून तिला पुढे डाना-६० चा सरळ ॲक्सल आहे. एफ-२५० चा दोन तुकड्यांचा पुढचा ॲक्सल चालतो, पण त्याचे बुश आणि पिव्हट आधी बदला. नाहीतर पुढची चाकं वाकडी बसून टायर आतून खातील.

कायद्याची बाजू

हे काम सुरू करण्याआधी बघायचं, नंतर नाही. अमेरिकेत इंजिन गाडीच्या मॉडेल वर्षाचं किंवा त्याहून नवीन असावं, हा प्रदूषण नियमांचा ढोबळ आधार आहे. १९९४ च्या गाडीत १९९० चं इंजिन घातलं तर अडचण येऊ शकते. कॅलिफोर्निया सर्वांत कडक. हेवी-ड्युटी वर्गाचं इंजिन लाइट-ड्युटी चेसिसमध्ये तिथे चालत नाही. म्हणून दारावरच्या स्टिकरवरचं एकूण मंजूर वजन वाचा आणि राज्याच्या तपासणी केंद्रात आधी विचारा. भारतात हा प्रयोग करू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही.

गिअरबॉक्स आणि ॲक्सल रेशो

५.९ हे कमी आरपीएमचं इंजिन आहे. टॉर्क १६०० च्या आसपास भरात असतो आणि गव्हर्नर २५०० च्या पुढे हात आखडायला लागतो. त्यामुळे ओव्हरड्राइव्ह (इंजिनापेक्षा शाफ्ट वेगाने फिरवणारा वरचा गिअर) नसलेला जुना चार गिअरचा बॉक्स ठेवलात तर हायवेवर गाडी घुसमटते. आरपीएमचा हिशेब सोपा आहे: वेग (किमी/तास) गुणिले ॲक्सल रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे) गुणिले ५.३, भागिले टायरचा व्यास मीटरमध्ये. ३१ इंची टायर म्हणजे ०.७९ मीटर. ताशी १०५ किमीला ४.१० रेशोवर इंजिन सुमारे २९०० वर जातं, म्हणजे चालणारच नाही. ०.७६ च्या ओव्हरड्राइव्हने तेच २२०० वर येतं. ३.५५ रेशो आणि ओव्हरड्राइव्ह असेल तर १९००. वजन ओढायचं असेल तर ४.१० आणि ओव्हरड्राइव्ह, नुसतं फिरायचं असेल तर ३.५५.

मार्ग दोन. पहिला, फोर्डचा झेडएफ पाच गिअरचा बॉक्स ठेवून मधे ॲडॉप्टर प्लेट घालणं. बॉक्स, ट्रान्सफर केस (फोर-व्हीलमध्ये पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा), प्रॉपेलर शाफ्ट जागच्या जागी राहतात, म्हणून नवख्यासाठी हा मार्ग सोपा. या बॉक्सचं बेलहाउसिंग केसशी एकसंध ओतलेलं असतं, त्यामुळे ॲडॉप्टरला पर्याय नाही. फोर्ड डिझेलचं दोन भागांचं फ्लायव्हील काढून एकसंध फ्लायव्हील घालावं लागतं. मग न्यूट्रलमध्ये आयडलला बॉक्स थोडा खडखडतो. क्लच दाबल्यावर तो आवाज थांबत असेल तर काळजी नको.

दुसरा मार्ग म्हणजे डॉजचा एनव्ही-४५०० बॉक्स इंजिनासोबतच घेणं. मजबूत आहे, पण त्याच्या पाचव्या गिअरचा नट मागच्या टोकाला सैल होतो आणि एके दिवशी पाचवा गिअर नाहीसा होतो. बॉक्स बाहेर आहे तोवरच लॉक होणारा सुधारित नट बसवा. त्यात जीएल-५ दर्जाचं गिअर तेल घालू नका, पितळी सिंक्रो रिंगा खराब होतात. त्याच्यासाठी ठरवलेलं ७५डब्ल्यू-८५ जीएल-४ सिंथेटिकच घाला. फोर-व्हीलमध्ये ट्रान्सफर केसचा पुढचा शाफ्ट कोणत्या बाजूला निघतो तेही पाहा. या फोर्डचं पुढचं डिफरन्शियल ड्रायव्हरच्या, म्हणजे डाव्या बाजूला आहे. डॉजमध्ये बाजू पिढीनुसार वेगळी आहे, म्हणून कागदावर विश्वास न ठेवता गाडीखाली जाऊन बघा.

ऑटोमॅटिक हवाच असेल तर १९९४-९५ चा डॉजचा ४७आरएच. तो हायड्रॉलिक आहे, ओव्हरड्राइव्ह आणि लॉकअपला (कन्व्हर्टर घट्ट जोडणारा क्लच) दोन स्विच दिले की काम होतं. फोर्डचा ई४ओडी ठेवायचा तर स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर लागतो.

इंजिन बाहेर आहे तोवर

ही संधी पुन्हा येत नाही. पहिलं काम गिअर केसमधल्या डॉवेल पिनचं. १२ व्हॉल्व्हच्या पुढच्या गिअर केसमध्ये एक लहान पोलादी पिन नुसती दाबून बसवलेली असते. कंपनाने ती बाहेर सरकते आणि टायमिंग गिअरमध्ये पडली तर गिअरचे दात, केस, प्रसंगी अख्खं इंजिन जातं. पुढचं कव्हर उघडा, पिन आत ठोका आणि शेजारच्या बोल्टखाली तिला अडवणारी पट्टी बसवा. केसचे आतले बोल्टही एकेक काढून थ्रेडलॉक लावून परत कसा. सुटा भाग अगदी किरकोळ किमतीचा आहे. हे केल्याशिवाय इंजिन गाडीत ठेवू नये.

कव्हर उघडलंच आहे तर क्रँकचं पुढचं ऑइल सील बदला, मागचंही. ही सीलं कोरडीच बसवायची असतात. सवयीने बोट फिरवून ऑइल लावलं तर सील गळतं आणि दोष सीलला दिला जातो. क्रँकचा भाग सॉल्व्हंटने पुसून अगदी कोरडा करा.

मग टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यातली). इंजिन थंड हवं. इनटेक ०.०१० इंच (०.२५ मिमी), एक्झॉस्ट ०.०२० इंच (०.५१ मिमी). पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा) आणून इनटेक १, २, ४ आणि एक्झॉस्ट १, ३, ५ लावा. क्रँक पूर्ण एक फेरा फिरवून इनटेक ३, ५, ६ आणि एक्झॉस्ट २, ४, ६. टीडीसी शोधायला गिअर केसच्या मागे प्लास्टिकची टायमिंग पिन असते. ती आत असताना क्रँक फिरवू नका, तुटते.

टॅपेट साइड कव्हर, व्हॅक्युम पंपाचं सील आणि मागची बाजू मोकळी असेपर्यंत क्लच पायलट बेअरिंग, हे सगळं याच वेळी उरकून घ्या. पंप मात्र कारण नसताना सोडवू नका. त्याचं टायमिंग नीट असेल तर तसंच राहू द्या.

उचलणं आणि जागा मोजणं

दोन टनी इंजिन क्रेन दोन टन उचलते ती हात पूर्ण आत असताना. हात शेवटच्या भोकापर्यंत बाहेर काढला की तिची क्षमता अर्ध्या टनाच्या आसपास येते, आणि पिकअपच्या नाकावरून इंजिन आत न्यायला हात बाहेर काढावाच लागतो. म्हणून पुढचं ग्रिल, रेडिएटर आणि त्याची फ्रेम आधी उतरवा, क्रेन जितकी जवळ आणता येईल तितकी आणा, आणि गिअरबॉक्स इंजिनाला जोडून एकत्र उचलू नका. दोन्ही मिळून स्वस्त क्रेनला पेलणारं वजन नाही. साधा इंजिन स्टँडही बघून घ्या, त्यावर ५०० किलोंची क्षमता लिहिली असेल तर ती काठावरची आहे. लटकलेल्या इंजिनाखाली हात किंवा पाय कधीही घालायचा नाही.

पहिल्यांदा इंजिन पक्कं न करता नुसतं ठेवून बघा. शक्य झालं तर भंगारातला रिकामा ब्लॉक आणि हेड आणून मापं घ्या, वारंवार वरखाली करायला तो हलका पडतो. तपासायच्या जागा: मागे फायरवॉलशी ५० मिमी, बाकी सगळीकडे किमान २५ मिमी. टॉर्कने इंजिन कलतं, म्हणून बाजूंना हात आखडू नका. डाव्या बाजूला इंजेक्शन पंप आणि स्टिअरिंगचा शाफ्ट एकमेकांना भिडू शकतात. उजव्या बाजूला टर्बो आणि एसीचा प्लास्टिक बॉक्स अगदी जवळ येतात. टर्बोच्या उष्णतेने तो वितळतो, म्हणून मधे धातूचं कवच घाला किंवा बॉक्स बदला. खाली ऑइल चेंबर आणि पुढचा ॲक्सल यांच्यातलं अंतर गाडी उभी असताना नाही, स्प्रिंग पूर्ण दाबली जाईल तेव्हाचं मोजायचं. नाहीतर पहिल्या मोठ्या खड्ड्यात चेंबर फुटतो.

इंजिन मागे साधारण ३ अंश खाली कललेलं असावं आणि डिफरन्शियलचा पिनियन तेवढाच वर. दोन्ही क्रॉसचे कोन सारखे आणि ३ अंशांच्या आत राहिले तर शाफ्ट थरथरत नाही. कोन ठरल्यावरच माउंटिंग. वेल्डिंग येत नसेल तर बोल्टचं तयार किट घ्या. स्वतः करणार असाल तर प्लेट किमान ६ मिमी, वेल्ड चेसिसच्या उभ्या बाजूवर, वरच्या-खालच्या पट्टीच्या कडेवर आडवा वेल्ड नको, तिथून तडा सुरू होतो. बॅटरीची तार आधी काढा.

पाणी, हवा, डिझेल, ब्रेक

मूळ डिझेलचा रेडिएटर चांगला असेल तर चालतो. ट्रेलर ओढायचा असेल तर यांत्रिक व्हिस्कस फॅन आणि पूर्ण झाकणारं श्राउड (फॅनभोवतीचं कवच) ठेवा. कमिन्सचा फॅन खालच्या उंचीवर येतो, त्यामुळे फोर्डचं श्राउड कापून बसवावं लागतं. डॉजचा इंटरकूलर रेडिएटरपुढे बसवताना पुढची पत्र्याची फ्रेम कापावी लागते. इंटरकूलर टाळू नका. टर्बोच्या आधी पायरोमीटर (एक्झॉस्टचं तापमान मोजणारं गेज) लावा आणि सतत चढावर तापमान ७०० अंश सेल्सियसच्या आत ठेवा, तरच पिस्टन टिकतील.

या फोर्डच्या टाकीतलं डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तळाचं प्लास्टिक जाळीचं टोक जुनं होऊन तुटतं. मग टाकीत पाव भाग डिझेल असतानाही पंप हवा ओढतो आणि इंजिन बंद पडतं. लोक लिफ्ट पंप (टाकीतून डिझेल आणणारा), फिल्टर, इंजेक्शन पंप बदलत बसतात. टाकी उतरवा, टोक बघा, रबरी होज सगळे नवीन घाला. पी पंपाला आयडलला १७ ते २२ पीएसआय दाब लागतो, गेज लावून खात्री करा. ॲक्सिलरेटरची केबल पंपाच्या लिव्हरला दोन्ही टोकांपर्यंत नेते का तपासा आणि परतीची एक जादा स्प्रिंग लावा.

डिझेल इंजिनाला मॅनिफोल्डचा व्हॅक्युम नसतो, तेव्हा ब्रेक बूस्टरला डॉजचा व्हॅक्युम पंप जोडायलाच हवा. पर्याय हायड्रोबूस्ट, जो पॉवर स्टिअरिंगच्या दाबावर चालतो. ब्रेकचं काम अर्धवट असताना गाडी शेडच्या बाहेर काढायची नाही.

वायरिंग आणि पहिला स्टार्ट

व्हीई पंपाला चावीसोबत १२ व्होल्टची एक तार दिली की बस. पी पंपाच्या शटडाउन सॉलेनॉइडला दोन कॉइल असतात. ओढणारी कॉइल जास्त करंट घेते, ती फक्त सेल्फ मारताना रिलेमधून चालू व्हायला हवी. धरून ठेवणारी कॉइल चावीवर. दोन्ही चावीवर जोडल्या की ओढणारी काही वेळात जळते. डॉजचा डायनामो घेतलात तर त्याचा रेग्युलेटर डॉजच्या कॉम्प्युटरमध्ये असतो, म्हणून आतला रेग्युलेटर असलेला डायनामो लावा. इनटेकची हीटर ग्रिड सुमारे १९० अँपिअर घेते, जाड तार आणि स्वतंत्र रिले हवेत. इंजिन ते चेसिस आणि चेसिस ते बॉडी अर्थिंग जाड केबलने.

स्टार्टसाठी १५डब्ल्यू-४० ऑइल साधारण साडेदहा लिटर. इंजिनाचा कल बदलल्यामुळे डिपस्टिकवरची जुनी खूण चुकू शकते, म्हणून मोजून ओता आणि नवी खूण करा. टर्बोच्या ऑइल इनलेटमध्ये थोडं ऑइल घाला. डिझेल बंद ठेवून सेल्फ मारा, गेजवर ऑइलचा दाब दिसेपर्यंत. मग लिफ्ट पंपाचं बटण दाबून फिल्टर भरा, इंजेक्टरकडचे पाइपचे नट सैल करा, सेल्फ मारा. एका वेळी ३० सेकंद, मग २ मिनिटं थांबा. बुडबुडे जाऊन सलग डिझेल आलं की नट कसा. पाइपच्या फवाऱ्यासमोर बोट धरू नका, हा दाब कातडीतून डिझेल आत घुसवतो आणि त्याला तातडीने हॉस्पिटल लागतं.

पहिल्या स्टार्टला एक माणूस टर्बोच्या हवेच्या तोंडापाशी जाड प्लायवूडचा तुकडा घेऊन उभा हवा. इंजिन बेकाबू पळालं तर चावी बंद करून थांबत नाही, हवा बंद करूनच थांबतं. हाताने किंवा फडक्याने तोंड झाकायचं नाही, टर्बो ते आत ओढतो.

चालू झाल्यावर दाब, पाण्याचं तापमान, गळती पाहा. पाणी गाडीचं नाक वर करून भरा, हीटर चालू ठेवा, हवा निघून पातळी खाली गेली की पुन्हा भरा. मग ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर पुढच्या ॲक्सलचं वजन करा आणि दारावरच्या स्टिकरमधल्या मर्यादेशी ताडून पाहा. जास्त भरत असेल तर जड पाटे घातल्याने मर्यादा वाढत नाही, वजनच कमी करावं लागतं. ८०० किमीनंतर माउंटिंगचे बोल्ट, टर्बोचे नट आणि इंटरकूलरचे क्लॅम्प पुन्हा कसा, टॅपेट तपासा आणि पहिलं ऑइल फिल्टर कापून आत धातूचे कण आहेत का बघा.